भार दुप्पट म्हणजे ताण दुप्पट नव्हे
रोलरवरचा भार दुप्पट केला की संपर्क ताणही (रोलर टेकतो तिथला ताण) दुप्पट, असा एक दावा केला जातो. तसं होत नाही. भार वाढला की रोलर जिथे टेकतो ती अरुंद पट्टीही रुंदावते. हर्ट्झच्या सूत्रानुसार (एकमेकांवर दाबलेल्या वक्र भागांमधला ताण काढायचं सूत्र) रेषीय संपर्कात, म्हणजे रोलरसारखा भाग एका रेषेत टेकतो तेव्हा, ताण भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे भार दुप्पट झाला तर ४१ टक्केच. (बॉल असेल तर घनमूळ, जेमतेम २६ टक्के!)

२० मिमी व्यासाचा, १० मिमी लांब स्टीलचा रोलर सपाट स्टीलवर १००० न्यूटनने दाबला, तर कमाल दाब सुमारे ६०० मेगापास्कल येतो. पट्टीची अर्धी रुंदी फक्त ०.११ मिमी. सर्वाधिक कर्तन ताण (धातूचे थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) मात्र पृष्ठभागावर नसतो, तो साधारण ०.०८ मिमी खोल असतो. त्यामुळे केस हार्डनिंगचा (स्टीलचा फक्त बाहेरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचा) थर किती जाड ठेवलाय, ते आधी बघा.