‘थ्रेट डिटेक्शन’ला चाहूल म्हणावं का?

सेतूवाला :
आर्णीकडच्या एका गावात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. पीक विमा, ई-केवायसी, सातबारा, येईल ते. ग्रामसभेत वाटायला सायबर फसवणुकीवरचं एक पानी पत्रक मराठीत करून हवंय. मूळ इंग्रजीत ‘मशीन लर्निंगद्वारे सायबर थ्रेट डिटेक्शन’ आहे, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या कॉम्प्युटरनं ऑनलाइन धोका हेरणं. मी केलं, ‘यंत्र-अध्ययनाद्वारे सायबर धोक्यांचे अभिज्ञान’. दुकानात बसलेल्या काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बापू, हे सप्त्यातलं कीर्तन हाय का?" शोध, छडा, सुगावा यातलं काय घेऊ?

पऱ्हाटी :
छडा नको. छडा चोरी झाल्यावर लावतात. पैसे गेल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पोलिसांनी खात्यांचा माग काढला, तो छडा.

मास्तर :
भाऊ, आधी मशीन काय करतं ते पाहा. जुन्या पद्धतीत माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी असते, ती जुळली की पकडला. त्याला ‘ओळख पटली’ पुरे. दुसरी पद्धत वेगळी. कॉम्प्युटर-सुरक्षेच्या संशोधक डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली मांडलेली कल्पना अशी की वापरणाऱ्याची रोजची वागणूक आधी टिपून ठेवायची आणि त्यापेक्षा वेगळं काही झालं की इशारा द्यायचा. तिथं मशीनला चोर कोण ते माहीत नसतं, काहीतरी वेगळं हललं एवढंच कळतं. जागलीला गेलेला माणूस मचाणावर काय करतो? तुरीत सळसळ झाली की उठून बसतो. डुक्कर आहे, रोही आहे की वारा, ते टॉर्च मारल्यावर. त्या सळसळीला आपल्याकडे चाहूल म्हणतात.

व्याकरणही सोयीचं आहे. छडा आपण ‘लावतो’, चाहूल आपल्याला ‘लागते’. ‘लावला’ म्हटलं की काम फत्ते झालं असं वाटतं. ‘लागली’मध्ये चुकण्याची जागा शिल्लक राहते, आणि मशीनबद्दल तेवढंच बोलणं खरं आहे. सुगावाही लागतोच, पण सुगाव्याला हातात काहीतरी धागा लागतो.

खारपाण :
चाहूल पटली. मला खटकतो तो ‘धोका’. आमच्या अकोल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘धोका झाला’ म्हणजे फसवणूक झाली. पुण्याच्या माणसाला ‘पुढे धोका आहे’ यात दरड दिसेल, आमच्या आजीला दगाबाज जावई दिसतो.

सेतूवाला :
मग तर शब्द दोन्हीकडून बसला! व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं जी एपीके (ॲप टाकायची) फाइल येते ती धोकाही आहे आणि धोकाही. उघडली, इन्स्टॉल केली, एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी तिकडे.

पूर्वी असले मेसेज मराठीवरूनच ओळखू यायचे. ‘तुमचे खाते आज बंद होईल जाईल’. आता लँग्वेज मॉडेलकडून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयकडून, लिहून घेतलेले येतात, माझ्यापेक्षा शुद्ध. उलट माझ्या साळ्याचा खरा मेसेज असा : ‘भाऊजी, बियाण्याचे पैसे आजच टाकून देजा, लय अर्जंट हाय’. घाई, पैसे, अनोळखी शब्द. मशीनच्या नजरेत चोर कोण ठरेल?

मास्तर :
तुमचा साळा. मॉडेल शब्दांचे तुकडे करून वाचतं. पुस्तकी मराठी त्यानं भरपूर पाहिलेली असते, ‘देजा’, ‘काहून’, ‘मले’ फार कमी. सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारा मोठा कॉम्प्युटर, आपल्या कामाच्या ज्या नोंदी ठेवतो त्याही वाक्यासारख्या वाचता येतात. २०१७ च्या डीपलॉग या संशोधनात मॉडेल पुढची नोंद कोणती येईल याचा अंदाज बांधतं आणि वेगळीच आली की इशारा देतं. म्हणजे जे कधी ऐकलं नाही त्याची चाहूल. वऱ्हाडी ऐकलीच नसेल तर वऱ्हाडी माणूसच परका वाटणार.

पऱ्हाटी :
पैशाचंही तेच ना सर. नोकरदाराच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पगार. आमचं खातं वर्षभर कोरडं, कापूस विकला की एकदम दीड-दोन लाख, आणि आठ दिवसांत उधारी फेडून पुन्हा कोरडं. पगारदारांवर शिकलेलं मशीन हे पाहून बोंबलणारच. शेतकऱ्याची रोजची वागणूक जूनपासून मोजा म्हणावं.

बरं, मशीन चांगल्यालाच चोर ठरवतं, त्या ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला काय म्हणायचं? हूल?

खारपाण :
हूल नाही. हूल मुद्दाम देतात, कबड्डीत देतात तशी. ठग अक्षरात टिंब घुसवतो, शब्द तोडतो, लिंक चित्रात लपवतो आणि मशीनला चकवतो, ती हूल. मशीन आपलं आपणच दचकलं तर तिला ‘फुकट आरोळी’ म्हणा.

मास्तर :
आरोळी छान. आणि या आरोळ्या किती होतात याचा हिशेब पत्रकात टाकाच. समजा दहा लाख मेसेज, त्यात हजार ठगांचे. मशीन शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर. हजारातले ९९० सापडतील. पण उरलेल्या ९,९९,००० चांगल्या मेसेजांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९० वर फुकट आरोळी. अकरा आरोळ्यांत दहा फुकट. नव्व्याण्णव टक्के ऐकून लोक भुलतात.

पऱ्हाटी :
आणि जे दहा निसटले, त्यांना ‘जागल्या झोपला’!

सेतूवाला :
मजकूर असा केला : ‘कॉम्प्युटरला फसवणुकीची चाहूल लागू शकते. कधी आरोळी फुकट जाते, कधी जागल्या झोपतो. नंबर ओळखीचा असला तरी पैशाचा मेसेज आला की आधी फोन करा.’ काकांना पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "जागल्याले मजुरी कोण देते?" हे पत्रकात नाही बसत. लाईट आली की प्रिंट काढतो.