युद्धात लोक एकत्र बसून पुस्तकं का वाचायचे?

रातकिडा:
दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना हे सारखं समोर येतंय. डोक्यावर बॉम्ब, खायची मारामार, आणि एकजण मोठ्याने वाचतोय, बाकीचे ऐकतायत. एकट्याने वाचणं समजू शकतो, पण घोळका करून का? की नंतर रंगवून सांगितलंय?

वाचनवेडी:
रंगवलेलं नाही हो. लंडनमध्ये बेथनल ग्रीनच्या लायब्ररीवर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडला, तर १९४१ ला जवळच्याच अर्धवट बांधलेल्या भुयारी स्टेशनात, जिथे हजारो लोक रात्री आसऱ्याला यायचे, तिथे छोटी लायब्ररी थाटली. आता बघा, शेजारी अनोळखी माणूस घोरतोय, वर काय चाललंय कळत नाही, झोप कसली येतेय. एकट्याने वाचलं तर डोळे अक्षरांवर राहतात पण कान वरच्या आवाजाकडेच. दुसरा वाचत असला की कानही गोष्टीत अडकतात. हा आपला माझा अंदाज.

जुना_खवट:
रशियातल्या लेनिनग्राडला १९४१ ते ४४ जर्मनांचा वेढा होता, तिथे लोकांनी ऊब मिळावी म्हणून पुस्तकं जाळली. तेही सांगा की.

वाचनवेडी:
जाळली, खरंय. पण त्याच वेढ्यात तिथलं सार्वजनिक ग्रंथालय सुरू होतं आणि रेडिओवर ओल्गा बेर्गगोल्त्स ही तिथली कवयित्री कविता वाचायची, तेही उपाशी माणसंच ऐकत होती ना.

काठावरचा:
मला तर पुस्तक हा निम्माच भाग वाटतो. नाझींच्या बिर्केनाउच्या छळछावणीत मुलांच्या बराकीत लपवलेली मोजकीच पुस्तकं होती, मग ज्या मोठ्या माणसाला जी गोष्ट नीट आठवायची तो ती सांगायचा, या घोळक्यातून त्या घोळक्यात जायचा, म्हणजे माणूसच पुस्तक! आणि गोष्ट अर्धी राहिली की पुढे काय होणार यावर वाद घालता येतो, भूक आणि मेलेली माणसं सोडून बोलायला काहीतरी मिळतं. एकट्याने वाचलेल्या पुस्तकावर भांडणार कुणाशी?

जुना_खवट:
हे माहीत नव्हतं. पण त्या मुलांपैकी जगली किती?

काठावरचा:
फार थोडी. १९४४ मध्ये बहुतेकांना गॅस चेंबरमध्ये मारलं. गोष्टींनी जीव वाचतो असं मी म्हणतच नाहीये, रातकिडा यांनी विचारलं होतं लोक का जमायचे, तेवढ्यापुरतं बोलतोय.

रातकिडा:
कानांचा मुद्दा पटला. त्या स्टेशनातल्या लायब्ररीचे फोटो आहेत का कुठे?