वरिष्ठ गटातून खाली आलो. यंदा तालमीला वर्गणी द्यावी का?

फळ्याखालचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या एका पेठेतल्या तालमीचा मी समर्थक. तालमीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्यावर राग आहे ती माणसं रोज सकाळी चहाला माझ्याशेजारीच बसतात, त्यांची बदनामी करायची नाही.

मी सात वर्षांचा असताना वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून मला शाहू स्टेडियमला नेलं. आज वय एकावन्न. या चव्वेचाळीस वर्षांत संघाचे सामने मी फार चुकवलेले नाहीत. बहिणीच्या लग्नाची हळद आणि सामना एकाच दिवशी आला, तेव्हा उत्तरार्धाला तरी पोचलोच होतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल क्लब म्हणजे तालीम. ज्या तालमीत लाल माती, तिथंच गणपती बसतो आणि संघही तिचाच. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. तळाला राहिलं की ब गटात जायचं. आम्ही गेल्या हंगामात गेलो.

हरण्याचं दुःख मला नवीन नाही. आमच्या तालमीनं मोठा चषक कधी आणला हे सांगायला म्हातारी माणसं शोधावी लागतात. खुपलं ते वेगळंच. गेल्या हंगामात दोन परदेशी खेळाडू आणले. त्यांचं मानधन, भाड्याची खोली, जेवणखाण, येण्याजाण्याचा खर्च धरून साडेचार लाखांच्या पुढं गेलं. त्या पोरांचा काही दोष नाही, दोघंही मनापासून खेळले. एकाच्या मांडीचा स्नायू दुखावला तरी तो इंजेक्शन घेऊन उतरला. पण त्यांना चेंडू द्यायचा कुणी? मधल्या फळीत आमची दोन चांगली पोरं होती, ती हंगामाआधीच दुसऱ्या पेठेनं नेली. पंधरा-पंधरा हजारांचा फरक होता. तेवढे द्यायला तालमीकडं पैसे नव्हते म्हणे.

शेवटच्या सामन्यानंतर मी खाली मैदानात गेलो. आमचा डावा बॅक एकोणीस वर्षांचा, पहाटे कपिलतीर्थ मंडईत वडिलांच्या गाळ्यावर भाजी लावून खेळायला येतो. तो जाळीच्या खांबाला टेकून मोजे काढत होता. मोज्यातून शिनगार्ड निघतील असं वाटलं, तर निघाले वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, घामानं भिजून लगदा झालेले. पंचांना दिसू नये म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. साडेचार लाख खर्च केलेल्या संघात या पोराच्या नडगीला दोनशे रुपयांचं शिनगार्ड नव्हतं. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

तालमीच्या दारात काळा फळा आहे. प्रत्येक सामन्याचा निकाल खडूनं त्यावर लिहायची पद्धत, जिंकलो काय आणि हरलो काय. त्या दिवशी कुणी लिहिलं नाही. अजून त्यावर त्याच्या आधीच्या सामन्याचा निकाल आहे.

मी दरवर्षी अकरा हजार देतो. गणपतीनंतर बैठक आहे. कार्यकर्ते म्हणतायत, आणखी चांगले परदेशी आणू, एका वर्षात वर येऊ. माझं म्हणणं, दोन वर्षं ब गटातच राहू, पण फक्त गल्लीतली पोरं खेळवू. हे त्यांना कसं पटवावं? आणि पटलं नाही तर यंदा वर्गणी थांबवावी का? आयुष्यात कधी थांबवलेली नाही, म्हणून विचारतोय.

पलीकडची पेठ

दादा, मी तुमच्या विरुद्ध गॅलरीत बसणारा. तरी तुमचा संघ खाली गेला त्याचा आनंद झाला नाही. तुमच्याबरोबरच्या सामन्याला जी गर्दी व्हायची ती दुसऱ्या कुणाबरोबर होत नाही.

पण एक स्पष्ट बोलतो. पंधरा हजारांसाठी जी पोरं गेली त्यांना नावं ठेवू नका. माझा पुतण्या असाच गेला. एमआयडीसीत कंत्राटी काम, महिन्याला तेरा हजार पगार. सामन्याच्या दिवशी खाडा पडला की तेवढा कापतात. त्याला कुणी हंगामाचे पैसे एकरकमी देत असेल तर तो जाणारच. पूर्वी खेळाच्या जोरावर पोराला नोकरी लागायची, म्हणून तो वीस वर्षं एकाच जर्सीत राहायचा. आता ते राहिलं नाही. गल्लीतली पोरं खेळवायची तर त्यांच्या पोटाचाही विचार करावा लागेल. नुसत्या पेठेच्या इज्जतीवर चूल पेटत नाही.

फोंडेकर

तुमचा पुठ्ठ्याचा प्रसंग वाचून आत कुठंतरी हललं.

मी गोव्याचा, लहानपणापासून धेंपो फुटबॉल क्लबवाला. आमचा क्लब खालच्या पायरीचा असेल असं कधी स्वप्नातही नव्हतं. 2005 ते 2012 या काळात पाच वेळा देशाचं विजेतेपद. आणि 2015 मध्ये तोच क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला. दुसऱ्याच वर्षी खालची लीग जिंकून वर यायचा हक्क मिळवला, तर 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या रचनेला विरोध म्हणून साळगांवकर आणि स्पोर्टिंगबरोबर आम्हीही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडलो. एका वर्षात गोव्याचे तीन मोठे क्लब गेले. मी त्या वर्षी जर्सी घडी करून कपाटात ठेवली. वाटलं, संपलं.

पण क्लब गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पोरं घडवत राहिला. पुढं प्रशिक्षक म्हणून आला तो आमचाच जुना बचावपटू समीर नाईक. 2024-25 च्या हंगामात आम्ही पुन्हा आय-लीगमध्ये उतरलो. म्हणजे मधली आठ वर्षं गेली. तुम्ही दोन म्हणताय. मनाची तयारी जास्तीची ठेवा, आणि बैठकीत दोनच वर्षं लागतील असं वचन देऊ नका. तिसऱ्या वर्षी तेच तुमच्या अंगावर येईल.

जुना गोलकी

मी तेरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, आता पहाटे लहान पोरांना शिकवतो. वर्गणी थांबवू नका, काका. थांबवली की तुमचा बैठकीत बोलायचा हक्क गेला. "पैसे देत नाही आणि अक्कल शिकवतो" हे पहिलं वाक्य ऐकायला मिळेल. त्याऐवजी पैसे द्या आणि कशासाठी देतोय ते पावतीवर लिहून घ्या. "अकरा हजार, फक्त स्थानिक खेळाडूंच्या साहित्यासाठी." तुमच्यासारखे आणखी पाच-सहा जण तयार झाले तर तो वेगळा हिशेब होतो आणि कार्यकर्त्यांना तो वेगळाच ठेवावा लागतो.

दुसरं नोंदणीचं. ज्यांना ठेवायचंय त्या पोरांच्या घरी आत्ताच जा, आई-वडिलांसमोर बसा. आपण दिवाळीपर्यंत गप्प बसतो आणि दुसरी पेठ श्रावणातच जाऊन येते. एकदा पोरानं दुसरीकडं सही केली की अख्खा हंगाम गेला.

तिसरं, आणि हे माझ्या अंगावरचं आहे. माझ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला तेव्हा संघ चांगला खेळत होता, सगळे खांद्यावर घेऊन दवाखान्यात आले. ऑपरेशनचे पैसे मात्र वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून भरले. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर परत मैदानात यायला नऊ महिने तरी धरावे लागतात, त्यात हातावर पोट असलेल्याची नोकरी राहत नाही. पोराला दहा हजार कमी द्या, पण त्याचा अपघात विमा काढा, आणि हे त्याच्या आईला सांगा. ती पोराला दुसऱ्या पेठेत जाऊ देणार नाही.

परदेशी खेळाडू आणूच नका असं मी म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर सराव करून आमचे बॅक शिकले, अंगानं कसं अडवायचं, चेंडू पाठीशी कसा धरायचा. पण ते सामन्याच्या आदल्या आठवड्यात येतात आणि शेवटच्या शिट्टीला जातात. त्यातून पोरांना काय मिळणार? आपल्याकडं गुणाची वाण नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. अशी पोरं आत्ताही गल्लीत आहेत, त्यांना सकाळी साडेपाचला उठवणारा माणूस पाहिजे.

रंकाळ्याची लेक

मी आता पुण्यात असते. धाकटा भाऊ ब गटात खेळतो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. माझ्या आईनं भावाचा एकही सामना पाहिलेला नाही. तिला फुटबॉल कळतो, निकाल काय लागला ते त्याच्या पायऱ्या चढण्यावरून ओळखते. पण गॅलरीतल्या शिव्या आणि सामना सुटल्यावरची दगडफेक, यामुळं घरातलं कुणी तिला जाऊ देत नाही. हाणामारीमुळं सामने थांबलेलेही आपण सगळ्यांनी पाहिलेत. गल्लीतला संघ करायचा म्हणता, तर निम्मी गल्ली घरात बसलीय तिचंही बघा. पोरांच्या आया गॅलरीत असतील तर शिवी देणाऱ्याची जीभ आपोआप आवरेल.

फळ्याखालचा

बैठक झाली म्हणून लिहितोय. रात्री साडेअकरापर्यंत चालली. मी भिजलेले पुठ्ठे जपून ठेवले होते, ते टेबलावर ठेवले आणि खाली बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग भांडणं झाली. एक जुना कार्यकर्ता माझ्यावर ओरडला की तू संघ बुडवायला निघालायस. घरी आल्यावर मला रडू आलं, कारण लहानपणी मला खांद्यावर बसवून सामना दाखवणारा तोच.

सगळं मिळालं नाही. एक परदेशी खेळाडू येणारच आहे, पण तो महिनाभर आधी येणार आणि लहान पोरांबरोबर सराव करणार. आम्ही नऊ जणांनी वर्गणी वेगळी काढली, पावतीवर लिहून घेतलं. विम्याचं अकरा पोरांचं नक्की झालं, बाकीच्यांचं दिवाळीत बघू. गोलकी, तुमचं ऐकून मंडईतल्या पोराच्या घरी त्याच आठवड्यात गेलो होतो. एका संघाचा माणूस दोन दिवस आधीच येऊन गेला होता. पोरगं थांबलंय. त्याच्या आईनं विम्याचा कागद दोनदा वाचून घेतला.

ताई, गॅलरीचा विषय मी काढला. त्यावर नुसती मान हलवली सगळ्यांनी. पुन्हा काढतो.

गांधी मैदानात अजून पाणी साचलंय, त्यामुळं सराव दुधाळीला सुरू केलाय. सोळा पोरं येतात. त्यात एक बारा वर्षांचं पोरगं गोलमध्ये भन्नाट उड्या मारतंय, पण मोठ्यांचे हातमोजे घालतं आणि चेंडू बोटांतून निसटतो. सहा नंबरचे हातमोजे कुठं मिळतील? महाद्वार रोडला विचारून आलो, आठच्या खाली नाहीत.