मँचेस्टरच्या टाउन हॉलमधली मधमाशी: कष्टाची खूण की अर्धीच गोष्ट?

सरकी

मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये मुख्य सभागृहाबाहेर मोझेकची फरशी आहे. हाताने एकेक तुकडा बसवून केलेल्या मधमाश्या आणि कडेने कापसाचे पांढरे धागे. त्या जागेला नावच पडलंय 'द बीज'. इमारत आल्फ्रेड वॉटरहाउसची, 1877 मध्ये उघडलेली. माशी मात्र आधीची. 1842 मध्ये शहराला मानचिन्ह मिळालं, त्यात पृथ्वीच्या गोलावर सात मधमाश्या बसल्यात. अर्थ सगळे एकच सांगतात: राबणारा गिरणी कामगार.

मला हा अर्थ खोटा वाटत नाही, सोयीचा वाटतो. माशीचं कौतुक करायचं आणि फुलाचं नाव काढायचं नाही! 1842 मध्ये तिथल्या गिरण्यांत जाणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला होता. ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवायचा कायदा 1833 मध्येच केला होता, तरीही. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, माल अडला आणि तिथल्या गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा आठेक मैलांचा रेल्वेफाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! कापूस नसता तर आला असता का?

हॉल 2018 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. एवढ्या मोठ्या कामानंतर नवे फलक लागतातच. त्या फरशीजवळ कापूस कुठून आला हे दोन ओळींत लिहावं, एवढीच माझी मागणी. काय वाटतं?

पहाटपाळी

मला नाही पटत. 22 मे 2017 ला मँचेस्टर अरीनात बाँबस्फोट झाला, 22 माणसं गेली. त्यानंतर लोकांनी पन्नास-पन्नास पौंड देऊन अंगावर ही माशी गोंदवून घेतली आणि ते पैसे पीडितांच्या निधीत गेले. आता त्या माशीचा अर्थ तोच. दीडशे वर्षांपूर्वीचा हिशोब तिच्या पाठीवर कशाला लादायचा? शिवाय फरशी 1877 ची आहे. अमेरिकेतली गुलामगिरी 1865 मध्येच संपली. तारखा तरी जुळवा.

सरकी

तारखा जुळतात. चिन्ह 1842 चं, फरशीवर तेच उतरलंय. आणि 1877 ला हॉल बांधण्याइतकी श्रीमंती आदल्या वर्षी पावसातून पडली नव्हती. गोंदवणाऱ्यांबद्दल माझी तक्रारच नाही, त्यांचा अर्थ त्यांनी कमावलाय. मी माशी पुसा म्हणत नाही, कडेचा कापूस वाचा म्हणतेय.

इचलकरंजीचा जॉबर

सरकीताई, आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे. तुम्ही कामगाराला फार लवकर बाजूला सारलंत. यादवीच्या काळात मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, माणसं उपाशी राहिली. तरी 31 डिसेंबर 1862 ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला गेलं. जानेवारीत त्याने उत्तर लिहिलं. आजही तिथे लिंकनचा पुतळा उभा आहे. स्वतःची चूल विझलेली असताना हे करणं सोपं नाही.

आणि आपला कापूस तिकडे गेला तो 'सुरत' या नावाने. आखूड धागा, कचरा भरपूर. मागावर सारखा तुटणार. ज्याची मजुरी कापडावर, त्याला धागा तुटला की काय होतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा. "देवा कापूस दे, पण सुरत नको" अशी तिथल्या कामगारांची प्रार्थना सांगतात. म्हणजे माशीने पण सोसलंय. फलक लावायचा तर हेही लिहा. दोन ओळींत कसं बसवणार?

वऱ्हाडी ठेचा

जॉबरभाऊ, कचरा का होता तेही सांगा ना. वजन वाढवायले गाठीत माती-पाणी घालणारे शेतकरी नव्हते, मधले व्यापारी होते. 1863 मध्ये मुंबई सरकारले कापसातल्या लबाडीसाठी वेगळा कायदा करा लागला.

पण माह्या मुद्दा वेगळाच हाय. मँचेस्टरवाल्याले फलक लावायले सांगायच्या आधी मुंबईत पाहा. यादवीतल्या कापसाच्या तेजीत पैसा कोणाच्या घरी गेला? कापसाचा व्यापारी प्रेमचंद रायचंदनं दिलेल्या पैशातून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, 1878 मध्ये पुरा झाला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, शेअरवाले बुडाले. अन् तेजीच्या भरवशावर ज्यानं सावकाराचा पैसा उचलला त्या शेतकऱ्याचं काय? टॉवरखाली कापूस वेचणारीचं नाव हाय का? आपल्या घड्याळाले सोडून त्यांच्या फरशीवर कायले भांडता?

सरकी

ठेचाभाऊ, टॉवरचं मान्य, तिथेही हवं. पण तिथे नाही म्हणून इथे नको, हे कसं?

पहाटपाळी

मग सगळ्या इमारतींवर फलकच फलक लावा! हॉल उघडला तो महापौर एबल हेवूडने, कारण राणी व्हिक्टोरिया आलीच नाही. हा हेवूड तरुणपणी स्टॅम्प ड्यूटी न भरलेली वर्तमानपत्रं विकल्याबद्दल तुरुंगात गेलेला माणूस. घड्याळाच्या घंटेलाही त्याचंच नाव, 'ग्रेट एबल'. असल्या शहराला शोषकांचा अड्डा म्हणून मोकळं व्हायचं?

भिंतीवाचक

अड्डा कुणीच म्हटलेलं नाही. हेवूड मलाही आवडतो. पण त्याच हॉलमधली भित्तिचित्रं घ्या. फोर्ड मॅडॉक्स ब्राउनची बारा चित्रं, विषय शहराचा इतिहास. रोमन किल्ला आहे, 1363 मधले फ्लेमिश विणकर आहेत, धावत्या धोट्याचा शोध लावणारा जॉन के आहे, कालव्याचं उद्घाटन आहे, तळ्यातला वायू गोळा करणारा रसायनशास्त्रज्ञ डाल्टनसुद्धा आहे. कापूस पिकवणारा माणूस एकाही चित्राचा विषय नाही. सभागृहाबाहेर, फरशीच्या वर, छताच्या काचेवर महापौरांची नावं. फरशी घालणाऱ्या कारागिरांची नावं त्या काचेवर नाहीत. म्हणून म्हणतो, कडेचा तो कापूस हीच त्या मजल्यावरची एकमेव कबुली आहे, आणि लोक तिच्यावर पाय देऊन आत जातात.

जॉबरसाहेब, कामगारांचं पत्र खरंच मोठं. पण त्याच शहराच्या गिरणीमालकांच्या रेट्याने 1896 मध्ये आपल्याकडच्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो 1925 पर्यंत हटला नाही. एका चिन्हाखाली हे दोघेही नांदले. कुठला अर्थ खरा?

इचलकरंजीचा जॉबर

दोन्ही. मालक आणि कामगार एकाच गिरणीत असतात, त्यात नवल काय? माझा विरोध फलकाला नाही, फक्त 'गुलामांच्या कापसावर पोसलेली माशी' असं एकच वाक्य लिहून मोकळे होऊ नका. लिंकनला लिहिलेलं पत्र आलं पाहिजे.

वऱ्हाडी ठेचा

अन् खामगाव.

सरकी

पत्र घेऊ, खामगाव घेऊ. दोन ओळींच्या चार होतील. मसुदा रविवारी इथेच टाकते. ठेचाभाऊ, राजाबाईचा मसुदा तुम्ही लिहायचा, तोही वऱ्हाडीत.

पहाटपाळी

टाका. मी विरोधात मत देणार आहेच, पण तारखा तपासून देईन.