'समुद्रतळ' म्हणजे नेमका कुठला तळ?

सुट्टीत खंडव्याहून भाचा आलाय. घरी मराठी बोलतो, शाळा हिंदी. परवा जेवताना त्याने जाहीर केलं, "मामा, आपलं भुसावळ समुद्रतळापासून दोनशे मीटर उंच आहे." आमचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, आकडा चुकलेला त्यांना खपत नाही. ते म्हणाले, "तळापासून? मग समुद्र काय डबकं आहे का?" भाच्याने पुस्तक आणून दाखवलं. खरंच छापलं होतं, 'समुद्र तल से ऊँचाई'.

हिंदीतला 'समुद्र तल' म्हणजे आपली समुद्रसपाटी, आणि मराठीतला 'समुद्रतळ' म्हणजे समुद्राचा अगदी खालचा भाग. एक ल, एक ळ, आणि मध्ये अख्खा महासागर. महासागरांची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर आहे. म्हणजे मराठीतल्या तळापासून मोजलं तर भुसावळ जवळपास चार किलोमीटर उंचीवर जाईल आणि मे महिन्यात आम्हाला स्वेटर लागतील.

संस्कृतात तल म्हणजे पृष्ठभागही आणि तळही. भूतल, करतल ही पृष्ठभागाची उदाहरणं, रसातल दुसऱ्या बाजूचं. मराठीत तळघर, तळाशी, तळ गाठणे यांत खालचा अर्थ पक्का झाला. पण तळहात? विमानतळ? वाहनतळ? तिथे 'सपाट जागा' हाच अर्थ टिकलेला दिसतो. मग समुद्रापुरताच तो का गळाला? जाणकारांनी सांगावं.

अमळनेरहून

भाऊ, गळाला कारण त्या जागेवर 'सपाटी' हा फार छान शब्द आधीच बसलेला होता. एकाच पाण्याला दोन तळ कशाला?

मला यात 'ठाव' आणि 'थांग' आणावेसे वाटतात. पोहायला शिकताना तापीत मोठी माणसं ओरडायची, "तिकडे ठाव नाही, फिर मागे!" ठाव म्हणजे पाय टेकतील असा तळ. थांगही तोच, हिंदीतला थाह त्याचाच भाऊबंद. अगाधचंही तसंच. संस्कृतात गाध म्हणजे पायी उतरून जाता येईल असं पाणी, आणि जिथे तसं जाता येत नाही ते अगाध. (आता आपण 'तुझं अगाध ज्ञान' असं चिडवायलाच वापरतो, ते सोडा.)

गंमत अशी की ठाव, थांग, गाध हे तिन्ही शब्द माणसाच्या पायाने मोजलेले आहेत. पाय टेकला तर तळ आहे, नाही टेकला तर नाहीच. म्हणून समुद्र 'अथांग' ठरला. आणि ज्याला तळच नाही त्यात काही टाकलं तर ते कुठे पडणार? गेलं, संपलं. प्रत्यक्षात ते तळाशी पडून राहतं. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत १९९८ साली १०,८९८ मीटर खोलीवर प्लॅस्टिकच्या पिशवीचा फोटो निघाला आहे. अथांगाचा थांग पिशवीला लागला.

मुक्ताईनगरहून

ठाव आमच्याकडेही म्हणतात. पण आता तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात गाळ इतका साचलाय की जुने लोक जिथे ठाव नाही सांगायचे तिथे पाय टेकतो. नुसता टेकत नाही, गुडघ्यापर्यंत रुततो. त्याला ठाव म्हणायचं का? माझ्या मते नाही. ठाव म्हणजे पायाला आधार. गाळात आधार नसतो, म्हणून तर 'गाळात जाणे' वाईट.

दुसरं, हा गाळ मुळात समुद्राचा. तापी तो मुलताईपासून गोळा करत खंभातच्या आखातात नेऊन ओतायची, तिथला तळ त्यानेच घडायचा. आता बराचसा गाळ वाटेतच बसतो, थोडा हतनूरला, पुढे उकाईला. आपण समुद्रात काय टाकतो यावर खूप बोललं जातं. नदीने त्याला जे द्यायचं ते आपण अडवलं, यासाठी मात्र शब्दच नाही. 'गाळमुक्त धरण' आहे, गाळाला मुकलेल्या समुद्राला काय म्हणाल?

चाळीसगावहून

शब्दच शोधत असाल तर माझी एक अडचण सोडवा. समुद्रतळावरच्या त्या धातूच्या गोट्यांबद्दल पोरांसाठी लिहितोय. बटाट्याएवढे असतात, त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. आपल्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून पहिला गोटा वर काढला, आणि आता मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताकडे आहे. ते गोटे उद्या काढले तर त्या कामाला काय म्हणायचं? मी 'उपसा' लिहिलं, कारण गिरणेकाठी वाळूचा उपसा रोजच कानावर येतो. बायको म्हणाली, हे चुकतंय.

अमळनेरहून

वहिनींचं बरोबर. उपसा विहिरीचा करतात, झरा ती पुन्हा भरतो. वाळूही पुराबरोबर थोडीफार परत येते, निदान यायची. हे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. 'उपसा' म्हटलं की उद्या पुन्हा भरेल असा भरवसा उगीच दिला जातो.

चाळीसगावहून

मग खोदकाम? पण ते जमिनीत पुरलेले नसतात, वरच पडलेले असतात. म्हणून 'वेचणी' सुचलं. आमचा कापसाचाच मुलूख.

धुळ्याहून

आप्पा, वेचणी नका लिहू. वेचणीत बोंड रिकामं होतं, झाड उभं राहतं. इथे यंत्र गोट्यांबरोबर वरचा गाळाचा थरही उचलणार, मागे गढूळ पाण्याचे लोट सोडणार. शिवाय कित्येक स्पंज नि तसले जीव त्या गोट्यालाच चिकटून जगतात, मऊ गाळात त्यांना धरायला दुसरं काही नसतं. हे बोंड वेचणं नाही, पऱ्हाटी उपटणं आहे. मी 'खरवडणे' म्हणेन. पातेल्याचा तळ खरवडतात तसं.

आणि 'वखरणी' शब्द तर खरोखरच तिथे लागू पडतो! १९८९ मध्ये पेरूजवळच्या प्रशांत महासागरात, चार हजार मीटरहून जास्त खोलीवर जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम वखरासारखं औत फिरवून पाहिलं, तळ किती दिवसांत सावरतो ते बघायला. २०१५ साली परत गेले तर तास तसेच दिसत होते. सव्वीस वर्षं. आपल्याकडे वखराचे तास एका पावसात मोडतात.

शहाद्याहून

धुळेकर भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. पण वखर मारनं हाई आमना शेतकरीसले चांगलं काम वाटस. वखर जमिनीचं भलं करतो, तण मारतो, ओल धरून ठेवतो. तळाशी जाळी फरफटत नेणाऱ्या ट्रॉलरबद्दल 'समुद्र नांगरतात' असं वाचतो तेव्हाही मला खटकतं. ऐकणाऱ्याला वाटेल, पुढे पेरणी आहे. 'खरवड'ला माझं मत.

मूळ प्रश्नकर्ता, भुसावळहून

एका तळाबद्दल विचारलं आणि तुम्ही शेत, विहीर, पातेलं सगळं दाखवलंत. 'खरवड' मलाही पटला. नाम म्हणून जरा ओबडधोबड आहे, पण कामही ओबडधोबडच आहे. मुक्ताईनगरकरांच्या गाळाला मुकलेल्या समुद्रासाठी मात्र काही सुचलं नाही. 'उपाशी तळ' असं एकदा लिहून पाहिलं, कवितेसारखं वाटलं म्हणून खोडलं.

भाच्याच्या वहीत आता दोन ओळी आहेत. हिंदीत 'समुद्र तल', त्याखाली मराठीत 'समुद्रसपाटी'. त्याने विचारलं, मग मराठीतल्या समुद्रतळाला हिंदीत काय? मी म्हटलं, समुद्र का तला किंवा पेंदा असावं. त्यावर वडिलांनी भाजी वाढता वाढता डाव थांबवला. "पेंदा भांड्याला असतो रे." आता त्यावरून घरात वेगळीच चर्चा पेटली आहे.