फोर-व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर: पुढच्या डाव्या चाकातून तेल गळतंय, नुसतं सील बदलून भागेल का?

खाचर_मुरबाड:
24 एचपीचा मिनी, फोर-व्हील ड्राइव्ह, साधारण 1,100 तास झालेला. मुरबाडच्या बाजूला भातखाचरांत चिखलणी सुरू आहे. तीन दिवसांपासून पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळतंय. रिमवर काळा चिकट थर बसलाय आणि सकाळी चाकाखाली ताटलीएवढा डाग असतो. लेव्हलचा बोल्ट उघडला तर तेल ताकासारखं पांढरट दिसलं. हेच सील (तेल आत अडवणारी रबरी रिंग) मागच्या हंगामात बदललेलं आहे, म्हणून जास्त प्रश्न पडलाय. सील इतक्या लवकर का जावं? जॅक, पुलर आणि साध्या पान्यांवर काम होईल का? आणि आवणी (भाताची लावणी) आठवड्यावर आली आहे, तोवर वरून तेल टाकत चालवला तर चालेल का?

गिअरतेल_90:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: तेल पांढरं नसतं तर रोज लेव्हल बघत आठवडा निघाला असता. पांढरं झालंय म्हणजे आत पाणी गेलंय. त्या तेलात गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगवर थर टिकत नाही, आणि रात्रभर उभा ठेवला की बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज धरतो. शे-दोनशेचं सील वाचवायला जाऊन बेव्हल गिअरचा (फिरणं काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकांचा) जोड घालवाल. थांबवा.

आता गळती नक्की कुठून आहे ते ठरवा. या प्रकारच्या पुढच्या अ‍ॅक्सलला दोन जागा असतात. एक चाकाच्या अ‍ॅक्सलचं सील, हबच्या (ज्यावर चाक बसतं त्या भागाच्या) मागच्या कव्हरमध्ये. दुसरं वर, जिथे स्टिअरिंग फिरवताना गिअर केस फिरते तिथलं. वरचं गेलं तरी तेल केसवरून उतरत हबपाशीच येतं आणि सगळे खालचं सील बदलत बसतात. ब्रश आणि डिझेलने सगळं धुऊन कोरडं पुसा, टाल्कम पावडर फासा आणि शेतात न नेता रस्त्यावर 15–20 मिनिटं चालवा. एवढ्या चालण्याने काही बिघडत नाही. ओली रेघ कुठून सुरू होते ते पावडरीत स्पष्ट दिसतं.

त्याच वेळी ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं भोक, बघा. अ‍ॅक्सलच्या बीमवर टोपीसारखा छोटा नट किंवा रबरी नळी असते. चिखलणीत तोच पहिला बुजतो. तो बुजला की काम करताना आतली हवा तापते, दाब वाढतो आणि तेल सीलच्या ओठावरून (शाफ्टला घासणाऱ्या रबरी कडेवरून) बाहेर ढकललं जातं. मग तापलेली केस गार पाण्यात उभी राहिली की आत उलटी ओढ तयार होते आणि तोच ओठ खाचरातलं पाणी आत घेतो. तुमच्याकडे तेल बाहेर आणि पाणी आत, दोन्ही चाललंय. माझा पहिला संशय तिथेच. गरम असताना तेल भरायचा बोल्ट हळू सैल करा. फुस्स आवाज आला तर ब्रीदर बंद आहे.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला बघायला सांगा की हलतंय काय: हब की अख्खी केस. हब हलत असेल तर बेअरिंग गेलंय. अशा शाफ्टवर कितीही भारी सील बसवा, ओठ एका बाजूने दाबला जातो आणि दुसरीकडे फट राहते.

लेथ_वागळे_इस्टेट:
वरच्या उत्तराशी सहमत. कामाचा भाग मी लिहितो.

मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो हे विसरू नका: बीम आणि चेसिसच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, नाहीतर एक बाजू उचलल्यावर ट्रॅक्टर दुसरीकडे कलतो. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक, मग घोडी (खाली टेकवायचा स्टँड). नुसत्या जॅकवर काम नको.

ट्रॅक्टर संध्याकाळी उभा करा आणि तेल सकाळी काढा. रात्रभरात मोकळं पाणी तळाशी बसतं, ते आधी पडतं. किती पाणी निघालं ते बाटलीत धरून बघा. काही मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंचं तेल एकच असतं, काहींत प्रत्येक केसचं वेगळं, म्हणून उजव्या बाजूचं तेलही तपासा.

कव्हरचे बोल्ट काढल्यावर कव्हर सहसा पॅकिंगला चिकटलेलं असतं. पेचकस घुसवून उचकटू नका, तोंडावर खोच पडली की तिथून नवी गळती. कव्हरवर दोन आटेवाली रिकामी भोकं असतील तर त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत न्या, कव्हर सरळ बाहेर येतं. अ‍ॅक्सल, मोठा बेव्हल गिअर आणि बेअरिंग त्याच्यासोबतच येतात. गिअरमागे शिम (पातळ चकत्या) असतील तर संख्या आणि क्रम तारेत ओवून ठेवा. त्यांची जाडी बदलली की गिअरचा प्ले (दातांमधली मोकळीक) बदलतो आणि मग चाक गुरगुरायला लागतं.

जुनं सील काढण्याआधी दोन गोष्टी मोजा: ते किती खोल बसवलं होतं, आणि कव्हरमधली जागा एकूण किती खोल आहे. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मग शाफ्टवर ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय.

खाचर_मुरबाड:
दोघांचे आभार. पावडरीत रेघ हबपासूनच सुरू झाली, वरची केस कोरडी. ब्रीदर चिखलाने गच्च होता. हब हलत नाही. सीलवर 40-62-8 आहे, पण कव्हरमधली जागा 12 मिमी खोल. शाफ्टवर दोन रेघा आहेत, त्यांतल्या एकीत नख अडकतं. सीलमागे नायलॉनच्या दोरीचा गुंडा निघाला, खताच्या गोणीची शिलाई असावी. पाणी अर्धा पेला.

लेथ_वागळे_इस्टेट:
मग सील एकाच हंगामात जाण्याचं कारण सापडलं. 12 मिमीच्या जागेत 8 मिमीचं सील म्हणजे बाजारातलं साधं टीसी: स्प्रिंगवाला एक ओठ आणि बाहेर धुळीसाठी एक पातळ ओठ. ते धुळीला पुरतं, खाचराला नाही. भातशेतीच्या मिनीत कंपनी बहुधा जाड, तीन-चार ओठांचं किंवा कॅसेट सील देते. कल्याण-भिवंडीच्या दुकानात 40 आणि 62 सांगितलं की समोर टीसीच येणार. म्हणून ट्रॅक्टरच्या पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर घेऊनच जा.

कॅसेटमध्ये आतली रिंग शाफ्टसोबत फिरते आणि ओठ त्या रिंगवर घासतात, शाफ्टवर नाही. त्यामुळे असा चर चालून जातो, फक्त कडा टोकदार नकोत. कॅसेटचे दोन भाग ओढून वेगळे करून बघायचा मोह होतो, तो आवरा. एकदा सुटलं की पुन्हा भरवशाचं बसत नाही.

साधंच सील घालावं लागलं तर चरावर पातळ स्टीलची स्लीव्ह बसवा. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे 40 चंच सील चालतं. स्लीव्ह नसेल तर ओठ चरापासून 2 मिमी बाजूला पडेल असं सील पुढे-मागे बसवा, तुमच्याकडे 4 मिमी जागा आहे. एमरीने चर घासून काढू नका. लेथवर पॉलिश करतानाही पेपर शाफ्टच्या लांबीने सरकवला की आट्यासारखी बारीक तिरकी रेघ उमटते, आणि ती चाक फिरताना तेल बाहेर खेचत नेते.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दोन ओठांच्या मधली खाच लिथियम ग्रीसने अर्धी भरा, सीलचा ओठ कोरडा सुरू झाला तर पहिल्या फेरीतच करपतो. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान पाइपचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोका, चारी बाजूंनी खोली कॅलिपरने मोजा. शाफ्टच्या पायरीवर किंवा की-वेवर (चावी बसायच्या खाचेवर) सेलो टेप गुंडाळा, नाहीतर ओठ तिथेच कापला जाईल.

गिअरतेल_90:
आत धुवायला डिझेल वापरू नका, ते कोपऱ्यात उरून नवं तेल पातळ करतं. स्वस्तातलं त्याच ग्रेडचं तेल भरा, चाकं उचललेली ठेवून हाताने 10 मिनिटं फिरवा, काढून टाका. पांढरेपणा राहिला तर पुन्हा एकदा. शेवटचं तेल पुस्तिकेत लिहिलेलंच: कुठे 80डब्ल्यू-90 ग्रेडचं गिअर तेल चालतं, कुठे ट्रान्समिशनचंच यूटीटीओ (ट्रॅक्टरच्या गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेकसाठीचं एकच तेल) लागतं. दोन्हींची भेसळ नको. मापावर जाऊ नका, सपाट जागी उभा करून लेव्हलच्या भोकातून तेल ओघळेपर्यंतच भरा. जास्त भरलं तरी तापल्यावर सीलमधूनच येतं.

ब्रीदर खोलून डिझेलने धुवा आणि शक्य असेल तर त्याला नळी जोडून बॉनेटच्या उंचीला न्या, तोंड खाली वळवून. चाकाचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या दोन-तीन तासांनंतर परत तपासा.

खाचर_मुरबाड:
उजव्या बाजूलाही हेच 8 चं सील असेल तर ते आत्ताच बदलू की गळेपर्यंत थांबू?

लेथ_वागळे_इस्टेट:
दोन्ही बाजूंना एकच हात लागला असेल तर तिथेही 8 चंच असणार. तेल एकत्र असेल तर आत्ताच, कारण तिकडून शिरलेलं पाणी याच नव्या तेलात येणार. वेगळं असेल आणि स्वच्छ निघालं, तर आवणी उरकून घ्या. तोवर रोज संध्याकाळी हबमागे हात घालून दोरी-पेंढा काढा, आणि धुताना प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका.