कर्वेनगर ते बावधन: जुन्या सायकलला मोटर बसवावी का?

टेकडीखालचा (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५३ असून गेली नऊ वर्षे मी पुण्यात कर्वेनगरहून बावधनला सायकलने कामावर जातो. एका बाजूचे अंतर साधारण ८ किलोमीटर आहे. सपाट रस्त्याची मला अडचण नाही. अडचण आहे ती कोथरूड डेपो सोडल्यावर चांदणी चौकापर्यंत लागणाऱ्या चढाची. गेल्या हिवाळ्यापासून उजवा गुडघा कुरकुरू लागला आहे. सायकल सोडू नका, पण चढावर जोर लावू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. चढ वगळून बावधनला कसे पोहोचायचे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

सायकल २६ इंची, बिनगिअरची, लोखंडी चौकटीची असून पुढचे चाक धरणारा चिमटाही साधा लोखंडी, म्हणजे शॉकअपशिवायचा आहे. दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर रबरे दाबणारे ब्रेक आहेत. ही विकून तयार इलेक्ट्रिक सायकल घ्यावी, असे घरच्यांचे मत आहे. माझा जीव मात्र हिच्यात अडकला आहे. मोटर पुढच्या चाकात बसवावी, मागच्या चाकात बसवावी की चेनवर चालणारी घ्यावी? बॅटरी किती मोठी लागेल? एका दुकानदाराने पेट्रोलचे छोटे इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याबद्दल आपले काय मत आहे?

तारजोड

मोटरच्या आधी चिमट्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. चाकाच्या आत बसणारी मोटर, म्हणजे हब मोटर, फिरते तेव्हा तिचा आस स्थिर राहावा लागतो, आणि मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते तितक्याच जोराने ती आसाला उलट दिशेने पिळत असते. साध्या चाकाच्या आसावर असा पीळ कधीच येत नाही, त्यामुळे आस जिच्यात बसतो ती चिमट्याची खाच त्या दृष्टीने बनवलेलीच नसते. माझे किट बसवणाऱ्याने दोन नट घट्ट आवळले आणि काम झाले असे सांगितले. तिसऱ्या आठवड्यात एका चढावर कट्ट असा आवाज आला, आस खाचेत अर्धा वळला आणि आसातून बाहेर येणारी मोटरची वायर स्प्रिंगसारखी पिळून तुटली. चाक निखळून पडले नाही, हे नशीब. पुढे पाहिले तर नटाखालचा वॉशर बशीसारखा वाकला होता आणि खाचेची एक कड चेपलेली होती.

यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म: आसाच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, जिचे दुसरे टोक चिमट्याच्या दांड्याला आवळलेले असते. किटमध्ये ती नसेल तर वेगळी घ्या, पण तिच्याशिवाय किट बसवू नका. तुमचा चिमटा लोखंडी आहे, ही जमेची बाजू. शॉकअपच्या ॲल्युमिनियम चिमट्याची खाच चेपत नाही, तिचा थेट तुकडा पडतो.

आता हिशेब. तुमचे वजन, सायकल, किट आणि पिशवी मिळून १०० किलो धरू. ५ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटर वेग ठेवायचा, तर केवळ वर चढण्यासाठी सुमारे २०४ वॅट लागतात, आणि वारा व टायरचे घर्षण मिळून आणखी ४० च्या आसपास. त्यातले ८० वॅट तुमचे पाय सहज देतील, कारण हे सपाटीवर रमतगमत चालवण्याइतकेच कष्ट आहेत. उरलेला १६५ वॅटचा भार २५० वॅटच्या मोटरला जड नाही. त्याहून मोठ्या मोटरच्या मोहात पडू नका.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची घ्या, म्हणजे ३६० वॅट-अवर. पाय चालवत गेल्यास किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर खर्च होतात, तेव्हा जाऊन-येऊन १६ किलोमीटरला १६० पुरतील. बॅटरी रोज तळाला जाणार नाही आणि म्हणूनच जास्त वर्षे टिकेल. पूर्ण चार्जिंगला अर्धे युनिटही वीज लागत नाही. स्वस्त पडतात म्हणून लेड-ॲसिडच्या तीन बॅटऱ्या गळ्यात मारल्या जातात, पण त्यांचे वजन १० किलोच्या पुढे जाते, आणि कॅरियरवर एवढे ओझे घेतलेली सायकल वळणावर शेपटी हलवते.

पाना क्रमांक दहा

पेट्रोल इंजिनाचा विचार सोडून द्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचे इंजिन २५ सीसीपर्यंतचे असेल तरच ते मोटार वाहनात मोडत नाही. बाजारातली बहुतेक टू-स्ट्रोक किटे ४९ सीसी किंवा त्याहून मोठी असतात. ते बसवल्यावर तुमची सायकल कायद्याच्या दृष्टीने नोंदणी, विमा आणि लायसन नसलेली मोटारसायकल होते. उद्या कोणाला धक्का लागला तर ते प्रकरण फार महागात जाईल.

विजेच्या मोटरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वेगळी सवलत आहे. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती, म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी, आणि पायडल मारताना मदत करणारी मोटर ताशी २५ किलोमीटरला पोहोचेपर्यंत हळूहळू मंदावून बंद व्हावी. पाय थांबले तर त्याआधीच. शिवाय योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. मात्र या अटी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्या लागतात, ही मेख दुकानदार सांगत नाहीत. अशा संस्थांपैकी एक, म्हणजे एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), तुमच्या रोजच्या पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवरच आहे! तयार सायकलीला असे प्रमाणपत्र मिळालेले असू शकते, घरी जोडलेल्या किटला ते आपोआप मिळत नाही. घरच्यांच्या मतात हा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. किटच घ्यायचे ठरले, तर निदान शक्ती आणि वेग या मर्यादेच्या आतले घ्या आणि ३५० वॅटच्या किटवर २५० चे लेबल चिकटवून देणाऱ्यापासून दूर राहा.

ब्रेकबद्दल तारजोड यांनी लिहिले नाही म्हणून जोडतो. ताशी १५ ऐवजी २५ च्या वेगाने जाणारी तीच सायकल थांबवताना ब्रेकला जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते. परतीच्या वाटेवर तोच चढ उतार होतो आणि पावसाळ्यात रिम ओली असते. रबरे नवी टाका, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटसोबत मागून घ्या.

फ्रीव्हीलवाला

मला वरील दोघांपेक्षा थोडे वेगळे सांगायचे आहे. तुमच्या सायकलीला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांची जोडी असेल. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागचे दातेरी चक्र, टाकले तर त्याच चढावर पायडलवरचा जोर १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाटीवर ताशी २० किलोमीटरने जाताना पाय मिनिटाला ६५ ऐवजी ८० वेळा फिरतील; गुडघ्याला दाबून मारण्यापेक्षा भराभर फिरवणे पुष्कळ मानवते. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतील, एवढेच. एका संध्याकाळचे काम आहे. आधी हे करून महिनाभर पाहा. पुढे मोटर बसवलीच, तरी हे वाया जाणार नाही, कारण चढावर तुमचेही पाय चालले नाहीत तर हब मोटर अगदी सावकाश फिरत नुसती तापत राहते.

टेकडीखालचा

सर्वांचे मनापासून आभार. २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून पाच आठवडे चालवले. फरक निश्चित आहे: पूर्वी डेपोपासूनच दुखणारा गुडघा आता वरच्या शेवटच्या टप्प्यात बोलतो. पण बोलतो. त्यामुळे किट घ्यायचे ठरवले आहे, २५० वॅटची, आत गिअर असलेली मोटर पुढच्या चाकात. मागे बसवायचे तर चौकटीचे अंतर मोटरच्या आसाला पुरत नाही, आणि चेनवरच्या मोटरचा आवाज एकाकडे ऐकून आलो. तो मला सकाळी सहा वाजता सोसायटीत नको. चिमट्याच्या आतले अंतर १०० मिलिमीटर भरले, ते जुळते. मात्र खाचेची रुंदी ९.२ मिलिमीटर आहे आणि मोटरच्या आसाची चपटी जाडी १० मिलिमीटर. कानशीने घासले तर चालेल का?

तारजोड

चालेल, पण दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणजे प्रत्येक कडेला ०.४ मिलिमीटरच घासा आणि दर आठ-दहा फटक्यांनंतर आस लावून पाहा. तो हाताने दाबून जेमतेम आत जावा. सहज घसरून गेला तर खाच सैल झाली असे समजा. खाचेच्या वरच्या गोलाईला कानस लावू नका, नाहीतर एका बाजूची खोली वाढून चाक तिरके बसेल. आसाचा वॉशर खाचेच्या बाहेरच्या ओठावर टेकत असेल तर आत एक लहान वॉशर भरा, म्हणजे नटाचा दाब सपाट पडेल.

पुढच्या मोटरचा एक स्वभाव ध्यानात ठेवा: चढावर भार मागच्या चाकावर जातो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवर पुढचे चाक जागीच फिरते. तेव्हा मोटरची मदत बंद करून नुसत्या पायडलवर जा. बॅटरी कॅरियरवर न ठेवता चौकटीच्या मधल्या त्रिकोणात बांधा. कंट्रोलरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला बेताने देणाऱ्या डबीच्या, वायरींची तोंडे खाली ठेवा आणि प्रत्येक वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल. नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. माझा तेव्हाच सैल झाला होता आणि मी पाहिला नव्हता.